रंग फक्त बाहेरून!

आमच्या पडघ्याची ओळख कॉलेजात दोनच गोष्टींवरून होते. इलेक्ट्रिकलवाल्यांना चंद्रपूरहून येणारी एचव्हीडीसी लाइन आठवते आणि बाकी सगळ्यांना गोडाऊनं. तिसरी गोष्ट मी सांगते. आमच्या शेताच्या बांधावर, आंब्याखाली, आबांच्या म्हणजे माझ्या आजोबांच्या मधमाश्यांच्या तीन पेट्या आहेत. (कॉन्व्हेंटचं मराठी आहे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!)

पेट्या खादी ग्रामोद्योग मंडळाच्या योजनेतून अर्ध्या अनुदानावर आलेल्या. माश्या आपल्या देशी, सातेरी. पण यंदा तीनपैकी एकाच पेटीत वसाहत उरली होती. दोन पावसाळ्यांत लाकूड फुगलं, सांधे उघडले, फटींतून मेणकिडा शिरला आणि माश्या पोळं टाकून निघून गेल्या. परदेशी मेलिफेरा माशी बरंच सोसते. सातेरीचं तसं नाही, घर बिघडलं की ती सरळ बिऱ्हाड हलवते. म्हणून एप्रिलच्या शेवटी ठरलं की पावसाच्या आत पेट्या रंगवायच्याच.

शेजारच्या प्लॉटवर तेव्हा गोडाऊन चढत होतं. तिथल्या रंगाऱ्याने उरलेला अर्धा डबा आबांना देऊन टाकला. फुकट! आबा खूश. मी डबा फिरवून पाहिला तर लोखंडी गर्डरला मारायचा गंजरोधक प्रायमर. आबा म्हणाले, "पोरी, जो लोखंडावर टिकतो तो लाकडावर नाही टिकणार?"

मुद्दा बिनतोड होता. कदाचित टिकलाही असता. पण प्रश्न लाकडाचा नव्हताच, आत राहणाऱ्यांचा होता. माशीचं सगळं जग वासावर चालतं. राणी आहे की नाही, धोका आहे का, समोरची माशी आपली की परकी, हे तिला वासावरून कळतं. त्या घराला महिनाभर थिनरचा वास येत राहिला तर काय होईल? शिवाय शिशाचा प्रश्न. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपर्यंतच ठेवायचं बंधन घातलं, ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालं. पण ते घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. गर्डरच्या प्रायमरला नाही.

वाळवीचं औषध मारू, असंही एकाने सुचवलं. त्या औषधाचं काम कीटक मारणं, आणि मधमाशी कीटकच आहे... पुढे बोलायची गरजच पडली नाही. पेटीचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवले की वाळवी आणि मुंग्या दोन्ही अडतात.

पेटीला आतून रंग द्यायचाच नाही. परदेशी पुस्तकांत त्याचं कारण असं देतात की माश्या झाडांचा डिंक आणून आतून स्वतःच लेप देतात. ते मेलिफेराबद्दल खरं आहे. आपली सातेरी डिंक गोळा करत नाही, मेणावरच भागवते. तरीही आतलं लाकूड कोरंच हवं, कारण मधातलं पाणी उडवताना पेटीत दमट हवा साठते आणि कोरं लाकूड त्यातली थोडी शोषून घेतं. दोन्ही बाजूंनी रंग चढवला तर लाकडाचा डबाच होतो.

रंग कोणता? मला निळा हवा होता, आबांना भगवा. शेवटी थर्मोडायनॅमिक्स जिंकलं! पिल्लांच्या कोठीत माश्या ३४ ते ३५ अंश तापमान सांभाळतात. मे महिन्यात पेटी तापली की मध आणायचं सोडून पाणी आणायला आणि पंखांनी वारा घालायला माश्या लागतात. म्हणजे गडद रंग हा माश्यांवर लादलेला ओव्हरटाइम. एक छप्पर पांढरं आणि एक जुनं तपकिरी, अशी दोन्ही दुपारी उन्हात ठेवून आबांना हात लावायला सांगितला. पुढे वाद झाला नाही. तसाही आपला पांढरा तिला पांढरा दिसत नाही. तिला अतिनील दिसतो, लाल दिसत नाही.

मग पडघ्याच्या दुकानातून पाण्यात मिसळणारा, बाहेरच्या भिंतीचा साधा अॅक्रिलिक रंग आणला. 'डास-माश्या पळवणारा' असं लिहिलेला डबा दुकानदार मोठ्या प्रेमाने दाखवत होता, तो परत ठेवायला लावला. आधी घासकागद, मग दोन हात. फळीच्या कापलेल्या टोकांना तिसरा, कारण पाणी तिथूनच पितं लाकूड. प्रवेशाच्या फटीची आतली कड कोरी. तळपाटाला रंगाऐवजी जवसाचं तेल दिलं. दुकानात 'डबल बॉइल्ड' मिळतं, ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार असतात. आम्ही घाण्याचं कच्चं तेल घेतलं, ते सुकायला फार वेळ घेतं. तेलाचे बोळे मात्र ढीग करून टाकू नका, सुकताना ते आपोआप पेटू शकतात. आम्ही पाण्यात बुडवून ठेवले.

भरलेली पेटी रंगवता येत नाही. म्हणून आधी दोन रिकाम्या रंगवल्या, आंब्याखाली तीन आठवडे उघड्या ठेवल्या. रोज सकाळी आबा आत डोकं घालून वास घ्यायचे. एके दिवशी म्हणाले, "आता नुसतं लाकूड येतंय." त्या संध्याकाळी चौकटी एकेक करून नव्या पेटीत हलवल्या, पण जागा आणि तोंड तेच ठेवून. माशी घर ओळखते ते जागेवरून, दोन हात सरकवलं तरी गोंधळते.

पप्पा गेटजवळ उभे राहून बघत होते. त्या प्लॉटचा एजंट त्यांना आठवड्यातून दोनदा फोन करतो. "दोन वर्षांत इथे पत्रे चढतील, कशाला एवढं?" असं ते एप्रिलमध्ये म्हणाले होते. त्या संध्याकाळी काही बोलले नाहीत. टॉर्च मात्र त्यांनीच धरला.

माश्या टिकल्या. दोन रंगवलेल्या पेट्या होत्या त्यातली एक अजून रिकामी आहे, आणि जुनी आता सुकत ठेवलीय. वसाहत वाढून तिची वाटणी झाली तर भरतील. फुकटचा प्रायमर आबांनी शेताच्या लोखंडी गेटला मारला. छान बसलाय.