मोजं शिवता येतंय, बोट न्हाई

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या घरचं माणूस कारखान्यात कामाला, त्या घरची वाळवणाची दोरी लांबूनच ओळखू यायची. आधी लुगडी, मग टॉवेल, मग शाळेच्या खाकी चड्ड्या आणि सगळ्यात शेवटी, सावलीच्या टोकाला, चिमट्यांनी अडकवलेले राखी रंगाचे चामडी हातमोजे. गावाकडून आलेला एखादा पाहुणा विचारायचाच, "एवढी थंडी पडती व्हय कोल्हापुरात?" आणि आक्का सांगायची, "थंडी कुठली? भट्टीचं हाईत ते."

आम्ही त्या गल्ल्यांतली पोरं. कुणाचे आबा मोल्डर, कुणाचे चुलते फेटलिंगला म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, कुणाचा मामा वेल्डर, कुणाचे आजोबा क्युपोलाच्या भट्टीवर. कोल्हापूरच्या ओतकामावर तेव्हा ऑइल इंजिनं धडधडायची, विहिरीवरचे पंप चालायचे, उसाचे चरक फिरायचे. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती वाढल्या आणि मोटारींचे, ट्रॅक्टरचे भागही इथून जाऊ लागले. आमच्या लहानपणी 'रस' म्हटलं की दोन्ही अर्थ डोळ्यांपुढे यायचे, गुऱ्हाळावरचा उसाचा आणि फाउंड्रीतला लोखंडाचा. लोखंडाचा रस साच्यात ओतताना साधारण १३०० ते १४०० अंश सेल्सिअस तापलेला असतो. त्याच्या आणि आबांच्या हाताच्या मधे असायचा तो मोजा.

आणि तो मोजा सहजासहजी मिळत नसे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला तो लागू व्हायला किमान दहा कामगारांची अट होती. आमच्या आसपासच्या कितीतरी शेडमध्ये तेवढी माणसंच नसायची. मग नवा जोड कधी मालक द्यायचा, कधी स्वतःच्या पैशाने आणावा लागायचा. म्हणून घरात आलेला जोड हा घरचा ऐवज. नवा जोड आला की आधी त्याच्या मनगटाच्या पट्टीवर खुणेचा टाका पडायचा. आबांचा लाल दोऱ्याचा, धाकट्या काकांचा हिरव्या. शेडमध्ये अदलाबदल नको म्हणून.

मोजे सांभाळायचे नेम होते, आणि ते आम्हाला पाढ्यांसारखे पाठ होते.

उंबऱ्याच्या आत मोजे यायचे नाहीत. आधी बाहेर कट्ट्यावर उलटे करून झटकायचे. काळी वाळू, लोखंडाचा कीस, कोळशाची पूड सगळी पडली पाहिजे. वाळू बोटांच्या शिवणीत राहिली की कानस लावल्यागत दोरा आतून खाते.

झटकल्याशिवाय हात आत घालायचा नाही. अंधाऱ्या उबदार जागेत विंचू बसतो, आणि गल्लीतल्या जुन्या घरांत विंचवांना तोटा नव्हता.

उन्हात वाळवायचे नाहीत. चुलीजवळ तर नाहीच. कुणी घाईत चुलीच्या कडेला मोजे ठेवले की आज्जी ओरडायची, "उचल आधी! कातडं हाय ते, भाकरी न्हवं!" चामड्यातली ओल आणि तेल एकदम निघून गेलं की ते कडक होतं, मग बोट मिटलं की घडीवर तडकतं. सावलीत, वाऱ्याला, सावकाश वाळलेला मोजा मऊ राहतो.

पावसाळ्यात मोज्यात जुन्या 'पुढारी' पेपरचे बोळे कोंबायचे. कागद आतली ओल ओढून घ्यायचा आणि बोटांचा आकारही धरून ठेवायचा. कोल्हापूरचा पाऊस लागला की चारचार दिवस ऊन नाही, त्यामुळे बुरशी यायची. ती कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा वाऱ्याला लावायची.

जमिनीवर ठेवायचे नाहीत. घामाच्या खारटपणाला उंदीर येतात. खिळ्याला अडकवायचे.

फेटलिंगच्या मोज्याला महिन्या-पंधरवड्यात बोटांच्या घड्यांवर एरंडेलाचा हात फिरवायचा. भट्टीच्या मोज्याला मात्र तेलाचा थेंब नाही. तेल धुमसतं, पेटतं. आणि ओला मोजा तर कुठल्याच गरम कामावर न्यायचा नाही. त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि कातडं शाबूत असूनही आतला हात भाजून निघतो. हा नेम आबांनी एकदाच सांगितला, पण असा सांगितला की आम्हा पोरांनाही तो कायमचा समजला.

एवढं सांभाळूनही मोजे झिजायचेच. ते झिजण्यासाठीच असतात. पण कुठे झिजले ते बघायची आक्काची एक पद्धत होती. मोज्यात मूठ घालायची, बोटं ताणायची आणि हात दिव्यासमोर धरून हळूहळू फिरवायचा. चामडं पातळ झालं असेल तिथे ते दबायचं, लकाकायचं. फाटायच्या आधीच तिला जागा कळायची.

प्रत्येक कामाचा मोजा आपापल्या जागी झिजतो. ग्राइंडर धरणाऱ्याचा अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात. फावडं मारणाऱ्याचा तळव्याच्या गादीवर. वेल्डरच्या मोज्याला ठिणग्यांचे बारीक काळे डाग मनगटापर्यंत. छन्नी-हातोडीवाल्याचा डावा मोजा ठोक्यांनी मार खायचा, उजवा घट्ट धरून धरून. मोजा बघून माणसाचं काम कळायचं. एकदा आबांच्या मोज्याचा तळवा अचानक झिजायला लागला तेव्हा आक्काने जेवताना विचारलं, "तुम्हास्नी भट्टीवरनं काढून वाळूवर घातलंय काय?" आबांनी ते घरी सांगितलंच नव्हतं.

शक्यतो आधी दोरा जातो, चामडं नंतर. म्हणून पहिली दुरुस्ती शिवणीची. मेण लावलेला दोरा, दोन सुया, पुढे आरीने पाडलेलं भोक. एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोर काढायच्या आणि दोरा घट्ट ओढायचा. या दोन सुयांच्या शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मेणही फेटलिंगच्याच मोज्याला. भट्टीच्या मोज्याला दोरा कोरडा, सुती आणि दुपदरी. नायलॉन मजबूत खरा, पण आचेने तो वितळून चिकटतो. सुती दोरा निदान जळून जातो, चटका देत नाही.

मग ठिगळ. ठिगळ बाहेरून लावायचं, आतून नाही. आतून लावलं तर कड तळव्याला टोचते, फोड येतात, आणि फोड आलेला माणूस मोजाच काढून ठेवतो. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे, कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो. कडा रापीने तासून पातळ करायच्या. आणि नवा जोड आला की झिजायची वाट न बघता बेचक्यात एक पट्टी आधीच चढवायची. "नव्याला कशाला ठिगळ?" असं विचारणाऱ्या पोराला आज्जीचं उत्तर ठरलेलं: "मोजं शिवता येतंय, बोट न्हाई."

अवघड काम असलं की मोजे घेऊन चपला करणाऱ्या मामांकडे जायचं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, जाड, घट्ट आणि दणकट. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या लेखी तिच्या कातरणीचं मोल तेव्हाही मोठं होतं. फेटलिंगच्या तळव्याला त्या कातड्याचं ठिगळ बसलं की मोजा नव्याने उभा राहायचा. मात्र भट्टीचा मोजा बघितला की मामा कातरणीचा डबा बाजूला सारायचे. "बाभळीचं कातडं आगीम्होरं आकसतंय. ह्याला क्रोमचंच लाव." क्रोमच्या क्षारात कमावलेलं चामडं त्यापेक्षा जास्त आच सोसतं. हे मामांना कुठल्या पुस्तकाने नाही, हाताने शिकवलं होतं.

सगळ्या घरांचं एक दुखणं सारखंच होतं. उजवा मोजा आधी मरायचा. घराघरांत चांगले डावे मोजे साठायचे आणि टाकवत नसायचे. होजिअरीचे सुती मोजे दोन्ही हातांना चालत, त्यांची पाठ-पोट बदलता येई. चामड्याच्या मोज्याचं तसं जमत नाही. आमच्या गल्लीच्या सुदैवाने पलीकडच्या आळीत एक डावखुरे काका होते. त्यांचा डावा आधी फाटायचा आणि उजवे पडून राहायचे. दोन्ही घरांत वर्षानुवर्षं मोज्यांचं साटंलोटं चालू होतं, आणि देण्याघेण्यावरून कधी रुसवाफुगवा झाला नाही.

शेवटी ठिगळाला धरायलाच जागा उरली नाही की मोजा निवृत्त व्हायचा, पण घराबाहेर जायचा नाही. तळव्याच्या चांगल्या तुकड्यातून स्टोव्हच्या पंपाचा वायसर कापायचा, तेलात भिजवायचा, की स्टोव्ह पुन्हा फरफरायला लागायचा. मनगटाच्या पट्टीतून विळ्याच्या टोकाला टोपण. बोटांच्या टोप्या दाभण चालवताना बोटाला. छोटा चौकोन आमच्या बेचकीला, दगड धरायला. आणि धड असलेले दोन मोजे, रंग वेगळे, माप वेगळं, तरी ते सुट्टीच्या दिवशी मैदानात विकेटकीपरच्या हातात. ज्याच्या घरचे मोजे, तो कीपर. हा कायदा गल्लीत कुणी मोडला नाही.

सुती मोजे धुऊन बायकांच्या वाट्याला यायचे. उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीसाठी मिरच्यांची देठं काढायला बसल्या की ते हाती. एरवी त्यांच्या हातांना काहीच नव्हतं. भांगलण करताना, शेणी थापताना, जळण फोडताना, तापल्या काहिलीची कड फडक्याने धरताना ते हात उघडेच होते. सगळ्या घराचे मोजे शिवणाऱ्या आक्काने स्वतःसाठी नवा जोड कधी मागितला नाही आणि आम्हालाही आणावासा सुचला नाही. ही उणीव त्या काळाच्या गोडव्यात झाकू नये. कष्टाचा हात बाईचा असला की त्याला संरक्षण लागत नाही, असं आपण मानत आलो, आणि ते चूक होतं.

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा व्हायची. छन्नी, हातोडे, लॅडल, साच्याच्या पेट्या, सगळ्यांना झेंडूची फुलं. आबा त्या रांगेत आपले मोजेही ठेवायचे. त्यावर हळदकुंकू पडायचं आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ते पुन्हा खिळ्याला.

पण ठिगळ लावणाऱ्या घरांना दोन ठिकाणी हात आखडता घ्यावा लागला.

पहिलं ठिकाण फिरतं यंत्र. लेथ, ड्रिल, मिलिंग यांवर मोजा घालायचाच नाही, कितीही चांगला असो. ठिगळाचा सुटलेला एक दोरा फिरत्या ड्रिलमध्ये अडकला की मोजा ओढला जातो आणि मोज्याबरोबर हात. आमच्या गल्लीत एका काकांचा असा हात होता. त्या काकांनी कुणाला दोष दिला नाही, पण शेडमध्ये लागणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला ते स्वतःहून तो हात दाखवायचे. ड्रिलशेजारी मोजे अडकवायला खिळा असायचा तो त्यासाठीच. यंत्र सुरू करायच्या आधी मोजे खिळ्याला.

दुसरं ठिकाण अ‍ॅस्बेस्टॉस. भट्टीवरचे लांब, पांढुरके, जाड मोजे. आच लागत नसे म्हणून सगळ्यांना तेच हवे असायचे. ते उसवले की घरी यायचे, अंगणात आपटले जायचे, शिवले जायचे, आणि त्यांचे तंतू हवेत उडायचे. ते तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि कित्येक वर्षांनी दम कोंडणारा आजार किंवा कर्करोग देतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉसवर काम करणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी दीर्घकाळ ठेवायचा आदेश दिला. तो ज्या कारणाने दिला, ते कारण आमच्या अंगणात येऊन गेलं होतं. अशा मोज्याला टाका घालायचा नसतो. तो हातातच घ्यायचा नसतो.

आता मोजे बदलले. विणलेल्या सुतावर रबराचा थर दिलेले, पात्याने सहजी न चिरणारे, आच सोसणारे नवे धागे असलेले. हलके, बोटांवर नीट बसणारे. त्यांना ठिगळ लागत नाही. थर गेला की मोजा गेला. आमच्या पिढीच्या बायका ते टाकलेले मोजे बघून हळहळतात, पण आबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, हात शाबूत ना, मग मोज्याचं काय घेऊन बसलाय. चिवटपणे शिवायचं ते हातासाठी, आणि टाकायचं तेही हातासाठीच. हे ज्या घराला उमगलं होतं, त्या घराने मोजा कधी देव्हाऱ्यात बसवला नाही.

म्हणून आठवणी काढून झाल्यावर एक गोष्ट करावी. आपल्या दाराशी ग्रील जोडायला पोरगा येतो, फरशी कापायला येतो, काचा बसवायला येतो, गटार उपसायला येतो. चहा देताना त्याचे हात बघा. उघडे असतील तर आधी जोड आणून द्या. फाटका मोजा घालून आला असेल तर कुठे फाटलाय ते बघा आणि विचारा. भांडी घासणाऱ्या, शेतात भांगलणाऱ्या बाईलाही विचारा. मजुरीत तो जोड धरू नका. आमच्या आज्जीने कधीच धरला नसता.