‘गो स्लो’च्या गावात सात दिवस

की कॉकर हे बेलीझमधलं एक चिंचोळं बेट. (‘की’ म्हणजे छोटं, सखल बेट.) इथे मोटारी जवळपास नाहीतच, वाळूचे रस्ते, सायकली आणि गोल्फ कार्ट, बस. बेटाचं ब्रीदवाक्य ‘गो स्लो’. ते पाट्यांवर रंगवलेलं आहेच, पण कुणी भराभर चालताना दिसलं की लोक खरोखर हाक मारून तेच म्हणतात. पहिल्याच दिवशी माझ्या मैत्रिणीला तीनदा म्हणाले.

मेक्सिकोत दोन आठवडे पाठीवर बॅगा घेऊन फिरून आम्ही चेतुमालहून बोटीने इथे आलो होतो. माझी फक्त रजा संपत आली होती. तिची नोकरी मार्चमध्ये गेली होती. अमेरिकेत दुसरी शोधायला व्हिसाच्या नियमाने मिळतात ते साठ दिवस संपत आले, तेव्हा आम्ही निघालो. मी परत जाणार होते, ती कायमची नाशिकला. घरी हे माहीत नव्हतं. शिक्षणाच्या कर्जाला तारण तेच घर.

अशा माणसाला सुट्टी अंगाला लागत नाही. बेलीझचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, त्यामुळे कुठलाही भाव दिसला की ती आधी निम्मा करायची, मग रुपयांत न्यायची, मग गप्प बसायची. खोबऱ्याच्या दुधात शिजवलेला राजम्याचा भात आणि रश्शातलं चिकन समोर आलं तरी तोंडी हिशोबच. फ्राय जॅक मात्र तिने विनातक्रार खाल्ले. मैद्याची टम्म फुगलेली पुरीच ती, फक्त आकाराने तिरपागडी. सोबत हाबानेरो मिरचीचा सॉस, ज्यापुढे आपला ठेचा गरीब वाटावा.

बेटाच्या मधोमध एक खाडी आहे, तिला ‘स्प्लिट’ म्हणतात. 1961च्या हॅटी चक्रीवादळाने ही फट पाडली आणि मग होड्या जाव्यात म्हणून गावकऱ्यांनी ती खोदून खोल केली, असं सांगतात. याच वादळाने बेलीझ सिटीची इतकी दैना केली की पुढे देशाने राजधानीच आत, बेल्मोपानला हलवली. आता या फटीच्या काँक्रीटच्या बांधावर जगभरची पोरं उन्हात पडलेली असतात. मला ते आवडलं. वादळाचं स्मारक कुणी बांधलं नाही, पोहायला सुरुवात केली.

चौथ्या दिवशी मी तिला ओढूनच प्रवाळ बघायला नेलं. पाण्यात नर्स शार्क मांजरांसारखे पायांत घोटाळत होते, तळाशी चटईएवढे पाकट मासे. तोंडात नळी असली की हिशोब मोठ्याने करता येत नाही. ती तासभर पाण्यात तरंगत राहिली. बोटीवर आल्यावर मास्क काढला आणि रडायला लागली. बोटवाल्याने एकदा पाहिलं आणि न बोलता टरबुजाच्या फोडींचा डबा आमच्याकडे सरकवला. मीही काही बोलले नाही. ‘होईल गं सगळं नीट’ म्हणायला माझ्याकडे पुढच्या महिन्याचा पगार होता, तिच्याकडे नव्हता. ते वाक्य तिच्या बाजूने वेगळंच ऐकू आलं असतं.

त्या रात्री धक्क्यावर पाय सोडून बसलो असताना तिने बाबांना मेसेज लिहिला. चारदा खोडला. शेवटी दोन ओळी राहिल्या: नोकरी गेलीय, परत येतेय. नाशिकला तेव्हा सकाळ होती. बाबा ऑनलाइन दिसले. टाइप करत होते, थांबले, पुन्हा करू लागले. एवढा वेळ ते कधी लावत नाहीत म्हणे. त्यांचं उत्तर म्हणजे अंगठा.

“बरं. जूनच्या आत ये, नाहीतर आंबे संपतील. कर्जाचं बसून बघू.”

तिने फोन माझ्या हातात दिला, मी वाचला, परत दिला. मग खोलीवर जाऊन जी झोपली, ती दुसऱ्या दिवशी अकराला उठली. तोवर फ्राय जॅक संपले होते.