दार्जिलिंगचा तीन मिनिटांचा चहा

दार्जिलिंग समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९३ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते. मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुडणीच्या कोवळ्या पानांना ही उष्णता मानवते. पाने किटलीत घालावीत, वरून पाणी ओतावे, तीन मिनिटांनी गाळावे. दूध नको. अधिक वेळ ठेवल्यास तुरटपणाच उतरतो.

ही पाने घरी आणलीत, तर आपल्या रोजच्या चहा पावडरीसारखी उकळू नका. (त्या पावडरीला मात्र खळखळती उकळीच हवी!) मुंबईत पाणी १०० अंशांना उकळते, तेव्हा ते गॅसवरून उतरवून एक-दोन मिनिटे थांबा, मग ओता.

प्रवासात ज्येष्ठांच्या न्याहारीपाशी चहा आणि गोळ्यांची डबी शेजारीशेजारी असतात. घरीही तेच. हिमोग्लोबिन का वाढत नाही, असे कुटुंबीय विचारतात, तेव्हा मी प्रथम गोळीची वेळ विचारतो. चहातील टॅनिनमुळे लोह नीट शोषले जात नाही, मग चहा दुधाचा असो वा कोरा. लोहाची गोळी आणि चहा यांत निदान एक तास, जमल्यास दोन तास जाऊ द्यावेत.