केस पेपरवरची एक ओळ

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. अंतरवाली सराटीच्या बाजूच्या एक बाई दवाखान्यात आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) सोबत दीर. दंडावर बोटांचे वळ, मांड्या काळ्यानिळ्या. "पायरीवरून पडली," दीरच बोलले. बाई खाली बघत होत्या. मला शंका आली, पण बाहेर रांग होती आणि खरं सांगायचं तर मला भानगडीत पडायचं नव्हतं. मी लिहिलं, "पडल्याने मुका मार." गोळ्या दिल्या.

सात-आठ महिन्यांनी त्या भावाबरोबर आल्या. वकिलाला दाखवायला जुना कागद हवा होता. माझ्या अक्षरातला तो कागद त्यांच्याच विरोधात जात होता.

आपल्याकडे हे नवं नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख तक्रारीत आलाच नाही. आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली ती जीवे मारण्याचा प्रयत्न आणि जबरी चोरी यांसाठी. अरुणाताई १८ मे २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या.

म्हणून तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर असा प्रसंग आला, तर डॉक्टरांना म्हणा, "मला एकटीला बोलायचंय." नातेवाइकांना बाहेर थांबवणं हे डॉक्टरांचं काम आहे. तुम्ही जे सांगाल ते तुमच्याच शब्दांत लिहायचं. कुठे दुखतंय, वळ कुठे, केवढा, कोणत्या रंगाचा, तेही. गुन्हा झाला की नाही हे डॉक्टर ठरवत नाहीत, कोर्ट ठरवतं. अंगावर जखम नसली म्हणून काही घडलंच नाही, असंही नाही. दोन बोटांची चाचणी तर सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. कुणी करायला निघालं तर सरळ नाही म्हणा.

सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार द्यायचेच असतात. एफआयआर आधी आणा, असं म्हणता येत नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण तक्रार द्यायची की नाही आणि तपासणी कुठवर करू द्यायची हे तुम्ही ठरवता. नकार दिलात तर तो लिहून घेतात, उपचार थांबत नाहीत. अहवालाची प्रत मागून घ्या, ती फुकट मिळते.

वेळ मात्र महत्त्वाची. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भ राहू नये म्हणून दिलेली गोळी जितकी लवकर तितकी चांगली. नमुने साधारण चार दिवसांपर्यंत घेता येतात. अंघोळ झाली असली, कपडे धुतले असले, तरी या. न धुतलेले कपडे असतील तर कागदी पिशवीत आणा. प्लास्टिकमध्ये ओल धरते.

आता सगळ्यात जास्त राहून जाते ती गोष्ट, म्हणजे पुन्हा येणं. पहिल्या दिवशी न दिसलेले वळ दोन दिवसांनी उमटतात. ते नोंदवायला या. मग तीन आणि सहा आठवड्यांनी गर्भाची, संसर्गाची तपासणी. सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी एचआयव्हीची. कावीळ बीची लसही एकाच डोसात संपत नाही. गर्भ राहिलाच, तर अशा प्रसंगात कायद्याने २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. झोप उडाली असेल, दार वाजलं की छातीत धडधडत असेल, तर तेही सांगा. तेही कागदावर येतं आणि त्यावरही उपचार आहेत.

अडचण मला कळते. वडीगोद्रीला येऊन गाडी धरायची, दिवसाची मजुरी बुडवायची, "कशाला चाललीस?" याला उत्तर द्यायचं. म्हणून मी घरी न्यायच्या चिठ्ठीवर फक्त तारीख लिहितो. कारण माझ्याकडच्या कागदात सविस्तर असतं. घरून निघणंच जमत नसेल तर १८१ वर फोन करा. तातडी असेल तर ११२.

त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.