परकी धावपट्टी

विमान उतरवायला शिकणारा पोरगा आधी खुणांवर शिकतो. पाण्याची टाकी पंखाखाली आली की वळायचं, तळं ओलांडलं की इंजिनाचा जोर कमी करायचा. थोड्याच दिवसांत त्याचं लँडिंग सुबक होतं, आणि शिकवणाऱ्याने सावध व्हायचं ते इथेच. त्याला विमान उतरवता येतंय की फक्त याच तळावर उतरवता येतंय, हे अजून कळलेलं नसतं.

त्यासाठी दुसरी, परकी धावपट्टी हवी. मुख्य तळावरची गर्दी हे तिचं एक कारण आहेच. चाकं टेकली की न थांबता पुन्हा उडायचं, अशा टच अँड गोच्या फेऱ्या सुरू झाल्या की एक पट्टी पुरत नाही. अमेरिकी नौदलाने फ्लोरिडातल्या व्हायटिंग फील्डभोवती याचसाठी लहान तळ राखलेत. मला मात्र तिचा मोठा उपयोग वाटतो तो डोळ्यांसाठी. सवयीपेक्षा अरुंद पट्टी समोर आली की आपण फार उंचावर आहोत असं भासतं आणि हात विमान नको तितकं खाली नेतो. रुंद पट्टीवर उलट होतं. जमीन जवळ वाटते, नाक लवकर उचललं जातं आणि विमान वरच वेग गमावून बसतं. वर्गात हे सगळ्यांना पाठ असतं. पटतं ते पहिल्यांदा परक्या पट्टीकडे वळल्यावर.

किरण या प्रशिक्षण विमानात आम्ही प्रशिक्षक विद्यार्थ्याच्या शेजारी बसायचो. परक्या पट्टीकडे वळताना त्याची दांड्यावर आवळलेली मूठ दिसायची, ‘सैल सोड’ म्हणता यायचं. 2008 मध्ये हवाई दलाच्या बीदर तळावर हॉक हे प्रशिक्षण विमान आलं. त्यात प्रशिक्षक मागे बसतो. मूठ दिसत नाही. विमानाच्या बारीक हिसक्यांवरून ती ओळखायची.

आता मी कनेरगाव नाक्याला असतो. इथून रेल्वेने अकोल्याला निघालं की वाटेत शिवणी लागतं. तिथली धावपट्टी 1943 सालची. गोंदियाजवळची बिरसीही दुसऱ्या महायुद्धातलीच. अशा पट्ट्या हवाई दलाच्या पोरांना सरावासाठी मिळाव्यात, असं मला मनापासून वाटतं. 3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी पाकिस्तानने अमृतसर, पठाणकोटसारख्या आपल्या तळांवर बॉम्ब टाकले होते. लढाईत परतणाऱ्या वैमानिकाला स्वतःचीच पट्टी मोकळी मिळेल, याची हमी कुणीच देऊ शकत नाही.