एप्रिलची वही

ऑक्टोबर छाटणी झाली की माझा फोन पहाटे पाचपासून वाजायला लागतो. ‘सर, पानावर तेलकट डाग दिसतोय.’ ‘सर, ढग आलेत, आज काय मारू?’ निफाड-दिंडोरी पट्ट्यात मी द्राक्षबागांचा सल्लागार आहे. एकरावर ठरलेली फी, आठ-दहा दिवसांनी प्लॉटवर चक्कर, आणि मधल्या काळात फोन. पान उलटून डाऊनी रोगाची पांढरी लव शोधायची, मणी ज्वारीएवढा झाला की बाजरीएवढाच आहे ते बघून डिपिंगचा, म्हणजे घड संजीवकात बुडवण्याचा, दिवस ठरवायचा. हे काम दिसतं, त्याचे पैसे लोक खुशीने देतात.

पोंग्यातून फूट बाहेर आली की एक फोन हमखास येतो: घड जिरला. फूट जोमदार, पण घडाच्या जागी नुसती बाळी. ‘काहीतरी औषध सांगा, सर.’ आता काय सांगणार? काडीतल्या डोळ्यात घड धरतो तो एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतरच्या पहिल्या दोनेक महिन्यांत. त्या मे-जूनमध्ये फुटींची दाटी राहिली, डोळ्यांवर ऊन पडलं नाही, नत्र नि पाणी सढळ झालं, की निकाल तिथेच लागतो. ऑक्टोबर छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत देऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासले तर कितव्या डोळ्यावर घड आहे ते कळतं, तेवढं बघून कात्री चालवता येते. नसलेला घड मात्र कुठल्याच बाटलीतून येत नाही. हे तोंडावर सांगणं हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग. दुकानदार कधीच ‘काही मारू नका’ म्हणत नाही. (मिठाईच्या डब्याखाली पाकीट ठेवून एकाने मलाही तसं न म्हणायला सुचवलं होतं. डबा पाकिटासकट परत गेला.)

एप्रिलचा सगळ्यात मोठा धडा मिळाला २०१० साली. खरड छाटणीनंतर वाढ आवरायला आम्ही सर्रास क्लोरमेक्वाट, म्हणजे बागायतदारांचं लिहोसिन, सांगायचो. माझ्याही शेड्यूलमध्ये ते होतं. निर्यातीआधीच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं, त्यामुळे आमच्याकडचे अहवाल स्वच्छ. युरोपात तेव्हा त्याची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. तिकडे तपासणी झाली आणि कंटेनर बंदरातच अडकले. मे महिन्यात मारलेलं वेलीत टिकून मण्यात उतरलं होतं. माझ्या सल्ल्यावर चाललेल्या एका बागायतदाराने तेव्हा मला शिवी दिली नाही, फक्त विचारलं, ‘हे तिकडे चालतं का, ते तुम्ही विचारून घेतलं होतं का?’ मी घेतलं नव्हतं.

तेव्हापासून फी ठरवण्याआधी मी एप्रिलपासूनच्या फवारण्यांची वही मागतो. कुणाकडे नोव्हेंबरपासूनची असते, कुणाकडे औषधांची बिलं पिशवीत कोंबलेली. बागायतदार वाचक असाल तर एवढं कराच: खरड छाटणीची तारीख, विरळणी कधी केली, काय मारलं, किती मारलं, लिहून ठेवा. आणि मला फोन मे महिन्यात करा. तेव्हा तो रिकामाच असतो.