कुत्रा घरचा, आज्ञावली कोणाची?

१ जून १९९९ रोजी सोनी कंपनीने जपानमध्ये एक यांत्रिक कुत्रा इंटरनेटवरून विक्रीस ठेवला. किंमत २ लाख ५० हजार येन. ३,००० नग अवघ्या २० मिनिटांत संपले. अमेरिकेसाठी राखलेले २,००० चार दिवसांत. कुत्र्याचे नाव आयबो. जपानी भाषेत या उच्चाराच्या शब्दाचा अर्थ जोडीदार, सोबती असा होतो.

तोशितादा दोई आणि मासाहिरो फुजिता यांच्या प्रयत्नांतून घडलेला आणि चित्रकार हाजिमे सोरायामा यांनी रूप दिलेला हा प्राणी घरातले कोणतेही काम करीत नसे. तो शेपूट हलवी, चेंडूमागे धावे, कधी रुसून बसे. एवढ्यासाठी माणसांनी एवढे पैसे मोजले, यातच त्या काळाविषयी बरेच काही आले. मात्र हा रुसवा आणि हे लाड त्याच्या १८ सांध्यांत नव्हते. ते पोटात बसवलेल्या एका मेमरी स्टिकवर नोंदलेले होते. ती पट्टी काढली की उरे तो प्लास्टिकचा सांगाडा. आणि पट्टीवरची आज्ञावली कुलूपबंद होती.

कुलूप दिसले की ते उघडून पाहणारा कोणीतरी असतोच. ‘आयबोपेट’ या टोपणनावाने वावरणाऱ्या एका हौशी मालकाने सोनीच्या आज्ञावलीची रचना उलगडली, तिच्यात फेरफार केले आणि आपल्या आज्ञावल्या इतर मालकांना फुकट वाटल्या. ‘डिस्को आयबो’ घातली की कुत्रा संगीतावर नाचे. ‘आयबोस्कोप’मुळे त्याच्या नाकातल्या कॅमेऱ्याला दिसणारे दृश्य मालकालाही पाहता येई. या वाटपातून सोनीचे काही नुकसान होत होते, असे म्हणणे कठीण आहे. या करामतींसाठी आधी कुत्रा विकत घ्यावाच लागे.

तरीही २००१ च्या ऑक्टोबरात त्याच्या हाती कंपनीचे पत्र पडले. आधार होता अमेरिकेचा १९९८ चा डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा. या कायद्याचे बहुचर्चित कलम असे की प्रत उतरवण्याचा हेतू असो वा नसो, संरक्षक कुलूप ओलांडणे हाच अपराध. चित्रपट आणि संगीत यांची चोरी रोखण्याच्या भाषेत मांडलेला हा नियम आता खेळण्याच्या पोटापर्यंत पोहोचला होता. कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. वाटल्या जाणाऱ्या आज्ञावल्यांत तिचाही मजकूर होता. आयबोपेटने त्या मागे घेतल्या.

मग मालक संतापले. सोनीचा माल यापुढे घेणार नाही, अशी पत्रे कंपनीकडे गेली. त्यांचा मुद्दा साधा होता: या हौशी आज्ञावल्यांमुळेच कुत्रा कपाटात न जाता अजून घरभर फिरतो आहे.

येथे एक तपशील सहसा सुटून जातो. रोबोकप या रोबोंच्या फुटबॉल स्पर्धेत १९९९ पासून विद्यापीठांचे संघ आयबोच मैदानात उतरवीत होते आणि त्यांच्यासाठी स्वतःच्या आज्ञावल्या लिहीत होते, तेही सोनीच्या संमतीने. म्हणजे आज्ञावलीला हात लावणे कंपनीला मुळात अमान्य नव्हते. प्राध्यापकाने लावला तर संशोधन, गिऱ्हाइकाने लावला तर उल्लंघन, असा तो भेद होता. अखेर सोनीने माघार घेतली आणि २००२ मध्ये आज्ञावली लिहिण्याची साधने बिगर-व्यापारी वापरासाठी सर्वांना विनामूल्य खुली केली.

२००६ मध्ये आयबोचे उत्पादन थांबले. २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद झाली. आता आज्ञावली कितीही खुली असली तरी झिजलेला सांधा तिने बदलत नाही. सुटे भाग कोणी बनवीत नव्हते. सोनीतून बाहेर पडलेल्या काही तंत्रज्ञांनी ‘ए-फन’ ही दुरुस्ती संस्था चालवली. पण एक कुत्रा उभा करायचा तर दुसऱ्याचे अवयव काढावे लागत.

त्यावर जपानी मालकांनी आपल्या रीतीचा तोडगा काढला. चिबा प्रांतातील इसुमी येथील कोफुकुजी या जुन्या बौद्ध मंदिरात जानेवारी २०१५ मध्ये १९ आयबोंचे अंत्यविधी झाले. पुरोहित बुंगेन ओई यांनी मंत्र म्हटले, उदबत्त्या लागल्या. प्रत्येक कुत्र्याला चिठ्ठी बांधलेली होती. तो कोठून आला आणि कोणत्या कुटुंबाचा, हे तीवर लिहिलेले होते. विधी आटोपल्यावर ते तंत्रज्ञांच्या हाती गेले. त्यांचे सांधे आणि मोटारी आता दुसऱ्या कुत्र्यांत बसणार होत्या.